क्यूआर कोडयुक्त पाठ्यपुस्तके

क्यूआर कोडयुक्त पाठ्यपुस्तके म्हणजे ज्यांच्या पानांवर चौकोनी संकेतचिन्ह छापलेले असते अशी शालेय पुस्तके होत. हे चिन्ह स्मार्टफोन किंवा टॅबच्या कॅमेऱ्याने वाचले असता त्या पाठाशी संबंधित ध्वनिफीत, चित्रफीत, स्वाध्याय किंवा पूरक वाचनसाहित्य उपकरणाच्या पडद्यावर उघडते. महाराष्ट्रात या कल्पनेचा पहिला शालेय वापर सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, परितेवाडी येथील जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत झाला असे मानले जाते. या शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी तो केला. इ.स. २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने ही पद्धत राज्याच्या पाठ्यपुस्तकांसाठी स्वीकारली. त्यानंतर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या (एनसीईआरटी) पुस्तकांसाठीही ती स्वीकारण्यात आली.

छापील पुस्तक आणि डिजिटल साहित्य यांची सांगड घालणारी ही पद्धत स्वस्त आणि सोपी आहे. मात्र तिचा लाभ मिळण्यासाठी विद्यार्थ्याच्या हाती उपकरण, वीज आणि इंटरनेट असावे लागते. त्यामुळे शालेय शिक्षणातील तंत्रज्ञानाच्या शक्यता व मर्यादा यांचा विचार करताना या पुस्तकांचे उदाहरण वारंवार दिले जाते.

## पार्श्वभूमी

### दृक्-श्राव्य शिक्षणाची परंपरा

पुस्तकाला आवाज आणि चित्र यांची जोड देण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात नवे नाहीत. आकाशवाणीवरून शालेय कार्यक्रम प्रसारित होत असत. वर्गात रेडिओ मध्यभागी ठेवून मुलांना ते ऐकवले जात. पुण्यात इ.स. १९८४ मध्ये 'बालचित्रवाणी' ही राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. अभ्यासक्रमावर आधारित चित्रफिती तयार करण्याचे काम ती करीत असे व त्या दूरदर्शनवरून दाखवल्या जात. ही संस्था इ.स. २०१७ मध्ये बंद झाली.

या माध्यमांची एक समान अडचण होती. प्रसारणाची वेळ ठरलेली असे, पण प्रत्येक शाळेतील पाठाची गती वेगळी असे. ज्या दिवशी कार्यक्रमात पानांची कार्ये समजावली जात, त्या दिवशी वर्गात तो घटक चालू असेलच असे नसे. एकदा हुकलेला कार्यक्रम पुन्हा ऐकण्याची किंवा पाहण्याची सोयही नव्हती. पाठ्यपुस्तक मात्र मुलाच्या दप्तरात कायम असे. पुस्तकाच्या ज्या पानावर मूल आहे, त्याच पानाचे दृक्-श्राव्य साहित्य हवे तेव्हा मिळावे, ही गरज या माध्यमांना भागवता आली नाही.

### पाठ्यपुस्तक मंडळ

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची, म्हणजेच 'बालभारती'ची, स्थापना २७ जानेवारी १९६७ रोजी पुणे येथे झाली. राज्यातील शाळांसाठी मराठीसह हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू आदी माध्यमांची पुस्तके हे मंडळ तयार करते. शासकीय व अनुदानित शाळांतील इयत्ता पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना ती विनामूल्य दिली जातात. अनेक ग्रामीण कुटुंबांत घरात येणारे पहिले किंवा एकमेव पुस्तक हेच असते. त्यामुळे पाठ्यपुस्तकात केलेला लहानसा बदलही राज्याच्या कानाकोपऱ्यातील मुलापर्यंत पोचतो. क्यूआर कोडसाठी पाठ्यपुस्तकाची निवड महत्त्वाची ठरली ती याच कारणाने.

### डिजिटल शाळांची चळवळ

राज्य शासनाने २२ जून २०१५ रोजीच्या शासन निर्णयाद्वारे 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू केला. त्या सुमारास अनेक जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, संगणक, टॅब आणि ध्वनिसंच घेण्यात आले. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील शाळा या चळवळीच्या प्रारंभीच्या शाळांपैकी एक होय. गावकऱ्यांनी जमवलेल्या निधीतून 'डिजिटल शाळा' उभ्या राहिल्या, तरी त्यांत दाखवायचे काय हा प्रश्न शिल्लक होता. अभ्यासक्रमाशी जुळणारे, मराठीतील आणि विनामूल्य साहित्य कमी होते. अनेक शिक्षकांनी स्वतःच चित्रफिती, सादरीकरणे आणि प्रश्नमंजूषा तयार करून एकमेकांना पाठवण्यास सुरुवात केली. शिक्षकांनी तयार केलेले हे साहित्य पुढे क्यूआर कोडमागील साहित्याचा एक स्रोत ठरले.

## तंत्र

### क्यूआर कोडची रचना

क्यूआर कोड हा द्विमितीय संकेत आहे. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीतील अभियंता मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो इ.स. १९९४ मध्ये विकसित केला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद जलद ठेवता यावी, हा त्यामागील मूळ हेतू होता. 'क्यूआर' ही अक्षरे 'क्विक रिस्पॉन्स', म्हणजे शीघ्र प्रतिसाद, या शब्दांची आद्याक्षरे आहेत. कंपनीकडे या तंत्राचे एकस्व असले, तरी तिने त्याचा वापर सर्वांना खुला ठेवला. त्यामुळे शाळेसारख्या निधीची चणचण असलेल्या संस्थेलाही तो विनामूल्य वापरता आला.

दुकानातील वस्तूंवरील उभ्या रेषांच्या बारकोडमध्ये माहिती एकाच दिशेने साठवलेली असते. क्यूआर कोडमध्ये ती आडवी व उभी अशा दोन्ही दिशांनी काळ्या-पांढऱ्या चौकटींत साठवली जाते. सर्वांत लहान कोडमध्ये २१ × २१ चौकटी असतात, तर सर्वांत मोठ्यात १७७ × १७७. मोठ्या कोडमध्ये केवळ अंक असतील तर ७,०८९ अंकांपर्यंत माहिती मावते. कोडच्या तीन कोपऱ्यांवर ठळक चौकोन असतात. त्यांच्या आधारे कॅमेऱ्याला कोडची जागा व दिशा ओळखता येते. म्हणून पुस्तक उलटे किंवा तिरके धरले तरी कोड वाचता येतो.

या संकेतात दोषनिवारणाची सोय असते. तिच्या चार पातळ्या असून त्यांनुसार सुमारे ७, १५, २५ किंवा ३० टक्के भाग खराब झाला तरी माहिती परत मिळवता येते. लहान मुलांच्या हातातील पुस्तकावर शाई सांडते, पाने दुमडतात, कोपरे फाटतात. अशा वापरात ही सोय उपयोगी पडते.

### कोड आणि साहित्य यांचा संबंध

पाठ्यपुस्तकातील कोडमध्ये धडा किंवा चित्रफीत साठवलेली नसते. त्यात फक्त साहित्याचा पत्ता असतो. प्रत्यक्ष साहित्य दूरवरच्या संगणकावर असते व कोड वाचल्यावर ते इंटरनेटवरून उघडते. याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की, पुस्तक एकदा छापल्यानंतरही त्या पत्त्यावरील साहित्य बदलता, सुधारता किंवा वाढवता येते. चित्रफितीत चूक आढळली तर पुस्तक पुन्हा छापावे लागत नाही. दुसरा परिणाम याच्या उलट आहे. तो पत्ता बंद पडला किंवा साहित्य काढून टाकले गेले, तर छापलेले चिन्ह निरुपयोगी होते. छापील मजकूर मात्र पुस्तक टिकेल तोवर टिकतो.

## परितेवाडीतील प्रयोग

रणजितसिंह डिसले यांचा जन्म इ.स. १९८८ मध्ये झाला असून ते सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे आहेत. अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी शिक्षक-प्रशिक्षण घेतले आणि इ.स. २००९ मध्ये परितेवाडीच्या शाळेत ते रुजू झाले. त्या वेळी शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती. एका बाजूला गुरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूला सामान ठेवण्याची खोली, अशा स्थितीत ती होती. मुलांची, विशेषतः मुलींची, उपस्थिती कमी होती.

डिसले यांनी प्राथमिक वर्गांच्या पुस्तकांतील पाठांसाठी स्वतंत्र क्यूआर कोड तयार करून ते पुस्तकांवर चिकटवले. त्यांच्या आधारे मुलांना कवितांच्या ध्वनिफिती, पाठांच्या चित्रफिती, गोष्टी आणि स्वाध्याय मिळू लागले. पुस्तक तेच राहिले, फक्त त्याच्या पानांवर एकेक चिठ्ठी आली. हा प्रयोग शासकीय योजना म्हणून सुरू झालेला नव्हता. एका खेड्यातील शाळेत शिक्षकाने आपल्या वर्गाची गरज ओळखून तो केला होता.

या प्रयोगाचे साधेपण हे त्याचे बलस्थान होते. कोड तयार करण्यासाठी विनामूल्य संगणकप्रणाली उपलब्ध होत्या. तो साध्या प्रिंटरवर छापता येत होता आणि वाचण्यासाठी वेगळे यंत्र लागत नव्हते. पालकांकडे असलेला फोनही त्यासाठी पुरेसा होता. संगणककक्ष उभारणे ज्या शाळेला शक्य नाही, तिलाही ही पद्धत वापरता येत होती.

दूरच्या देशांतील वर्गांशी संपर्क साधणे हा डिसले यांच्या कामाचा दुसरा भाग होता. आभासी सहलींद्वारे त्यांनी इतर देशांतील विद्यार्थ्यांना विज्ञानातील प्रयोग दाखवले. परस्परांत तणाव असलेल्या देशांतील मुलांचा संवाद घडवण्यासाठी त्यांनी एक उपक्रमही राबवला. भारत व पाकिस्तान, इस्राएल व पॅलेस्टाईन, इराण व इराक येथील मुले त्यात एकमेकांशी जोडली गेली.

## राज्य व राष्ट्रीय पातळीवरील अवलंब

परितेवाडीतील अनुभवाच्या आधारे डिसले यांनी शासनाला प्रस्ताव सादर केला. प्रायोगिक वापरानंतर इ.स. २०१७ मध्ये राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड समाविष्ट करण्याचा निर्णय जाहीर झाला. त्या वर्षी इयत्ता सातवी व नववीची, तर इ.स. २०१८ मध्ये पहिली, आठवी व दहावीची पुस्तके नव्याने तयार झाली. पुस्तकाच्या आरंभीच्या पानावरील कोडने संपूर्ण डिजिटल पुस्तक उघडते आणि पाठातील कोडने त्या पाठापुरते अध्ययन-अध्यापन साहित्य उघडते, अशी योजना करण्यात आली.

याच काळात केंद्र शासनाने 'दीक्षा' हा शैक्षणिक मंच सुरू केला. तत्कालीन उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षक दिनी, त्याचा प्रारंभ झाला. हा मंच 'सनबर्ड' या मुक्तस्रोत प्रणालीवर उभारलेला असून विविध राज्ये आपापल्या भाषांतील साहित्य त्यावर ठेवतात. पाठ्यपुस्तकातील कोडच्या खाली सहा अक्षरांकांचा एक संकेत छापलेला असतो. कॅमेरा खराब असेल किंवा कोड वाचला जात नसेल, तर हा संकेत टंकित करूनही साहित्य मिळवता येते. एकदा उतरवून घेतलेले साहित्य नंतर इंटरनेटशिवाय पाहण्याची सोयही त्यात आहे. जेथे नेटवर्क शाळेच्या आवारात मिळत नाही, पण तालुक्याच्या गावी मिळते, तेथील शिक्षकांना ही सोय विशेष उपयोगी पडते.

इ.स. २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर यांनी एनसीईआरटीच्या पुस्तकांत क्यूआर कोड देण्याची घोषणा केली. अशा प्रकारे माढा तालुक्यातील एका वस्तीवरच्या शाळेत सुरू झालेली पद्धत देशभरातील पुस्तकांत आली.

## अध्यापन व अध्ययनातील बदल

### भाषा व कविता

प्राथमिक वर्गात कविता चालीत म्हणून शिकवली जाते. शिक्षकाला गाता येत असेल तर मुले ती चटकन उचलतात, नसेल तर कवितेचे वाचन कोरडे होते. कोडमागील ध्वनिफितीमुळे कवितेची चाल प्रत्येक वर्गापर्यंत पोचते. इंग्रजी शब्दांचे उच्चार, हिंदीतील वाक्यांचा लहेजा यांसाठीही तिचा उपयोग होतो. ज्या मुलांच्या घरी वाचून दाखवणारे कोणी नसते, त्यांना पाठाचे प्रकट वाचन घरी पुन्हा ऐकता येते. निरक्षर पालकालाही मूल काय शिकते आहे याचा अंदाज येतो.

### विज्ञान, भूगोल व गणित

हृदयाचे कार्य, ज्वालामुखीचा उद्रेक, ग्रहणे, बीजाचे अंकुरण यांसारख्या घटकांत गती आणि क्रम महत्त्वाचा असतो. स्थिर चित्रातून तो कल्पनेने जाणावा लागतो, तर चित्रफितीत तो दिसतो. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यातील मुलाने समुद्र, खाडी किंवा हिमनदी पाहिलेली नसते. भूगोलाच्या पाठातील हे शब्द त्याच्यासाठी चित्रफितीमुळे अर्थपूर्ण होतात. गणितात मात्र उदाहरण पाहण्याइतकेच ते स्वतः पाटीवर किंवा वहीत सोडवणे आवश्यक असते. तेथे चित्रफितीपेक्षा कोडमागील सरावप्रश्न अधिक उपयोगी ठरतात.

### बहुवर्ग अध्यापन

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार ६० पर्यंत विद्यार्थी असलेल्या प्राथमिक शाळेसाठी २ शिक्षकांची तरतूद आहे. त्यामुळे वाड्या-वस्त्यांवरील द्विशिक्षकी शाळांत एका शिक्षकाला एकाच वेळी दोन किंवा अधिक इयत्ता सांभाळाव्या लागतात. पहिलीला अक्षरे गिरवायला लावून तिसरीला भागाकार शिकवायचा, ही तेथील नित्याची कसरत असते. अशा वर्गात एक गट शिक्षकाबरोबर काम करीत असताना दुसरा गट टॅबवर आपल्या पाठाचे साहित्य ऐकू किंवा पाहू शकतो. शिक्षकाला मोकळा मिळालेला वेळ मागे पडलेल्या मुलाजवळ बसण्यासाठी वापरता आला, तर या पद्धतीचा खरा लाभ मिळतो.

### शिक्षकाची भूमिका

चित्रफितीमुळे माहिती सांगण्याचा शिक्षकाचा भार काही अंशी कमी होतो, पण शिकवण्याचा भार कमी होत नाही. चित्रफीत कोठे थांबवायची, कोणता प्रश्न विचारायचा, मुलाच्या चेहऱ्यावरील न समजल्याची खूण कशी ओळखायची, हे शिक्षकालाच ठरवावे लागते. पडदा सर्व मुलांना एकाच गतीने दाखवतो, मुले मात्र वेगवेगळ्या गतीने शिकतात. तयार साहित्य लावून देऊन वर्ग शांत ठेवणे म्हणजे अध्यापन नव्हे, याकडे शिक्षक-प्रशिक्षणात लक्ष वेधले जाते.

## भाषेचा प्रश्न

सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके असून त्याची सीमा कर्नाटकाला लागून आहे. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड मोठ्या प्रमाणात बोलली जाते. सोलापूर शहरात विणकामाच्या व्यवसायामुळे स्थायिक झालेला तेलुगूभाषक समाज मोठा आहे. मराठी व उर्दूसह चार भाषा शहराच्या दैनंदिन व्यवहारात ऐकू येतात. याशिवाय लमाणी, वडारी, कैकाडी यांसारख्या बोली काही घरांत बोलल्या जातात. त्यामुळे घरची भाषा एक आणि पाठ्यपुस्तकाची दुसरी, ही स्थिती येथे अनेक मुलांच्या वाट्याला येते.

जागतिक शिक्षक पुरस्काराच्या वेळी वार्की फाउंडेशनने दिलेल्या माहितीत परितेवाडीच्या शाळेतील विद्यार्थ्यांच्या घरच्या भाषेचा उल्लेख कन्नड असा आहे. डिसले यांनी ती भाषा शिकून इयत्ता पहिली ते चौथीच्या पुस्तकांची पुनर्रचना केली, असेही त्यात नमूद आहे. भाषेच्या दृष्टीने क्यूआर कोडचे वैशिष्ट्य असे की, एकाच छापील पानामागे एकाहून अधिक भाषांतील स्पष्टीकरण ठेवता येते. मराठी पाठाचा कोड वाचून कन्नड किंवा लमाणीतील गोष्ट ऐकणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. त्यासाठी त्या भाषा जाणणाऱ्या शिक्षकांनी साहित्य तयार करणे मात्र आवश्यक असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शक्य तेथे पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे असे म्हटले आहे. त्या दृष्टीने बोलीभाषांतील साहित्याची गरज वाढली आहे.

## कोविड-१९ महामारीचा काळ

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि प्राथमिक वर्ग दीर्घकाळ भरले नाहीत. तोपर्यंत पूरक असलेले डिजिटल साहित्य या काळात अनेक ठिकाणी मुख्य साधन बनले. पाठ्यपुस्तकातील कोड, 'दीक्षा' मंच, व्हॉट्सअ‍ॅपवरील वर्गगट आणि दूरचित्रवाणी यांच्या आधारे अध्यापन सुरू ठेवण्याचा प्रयत्न झाला. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका प्रसारित करण्यात आली. घरात स्मार्टफोन नसला तरी दूरचित्रवाणी संच असण्याची शक्यता अधिक, हा विचार त्यामागे होता. एकेकाळी अपुरे ठरलेले प्रसारणाचे माध्यम अशा रीतीने पुन्हा उपयोगी पडले.

सोलापूर शहरातील निलमनगर भागातील प्रयोग या काळात विशेष चर्चिला गेला. हा भाग प्रामुख्याने वस्त्रोद्योगातील कामगारांच्या वस्तीचा आहे. तेथील अनेक घरांत मुलांना अभ्यासासाठी स्मार्टफोन उपलब्ध नव्हता. आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतील सुमारे ३०० घरांच्या भिंतींवर पाठ्यपुस्तकातील आशय रंगवून घेतला. अक्षरे, अंक, व्याकरणाचे नियम, गणिताची सूत्रे आणि विज्ञानातील आकृत्या गल्लीगल्लीतून दिसू लागल्या. मुले परस्परांत अंतर राखून भिंतीसमोर उभी राहत व वहीत उतरवून घेत. या फळ्याला वीज किंवा इंटरनेट लागत नव्हते.

परितेवाडी आणि निलमनगर ही एकाच जिल्ह्यातील दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात छापील पान पडद्याशी जोडले गेले, तर दुसऱ्यात पडदा नसलेल्या मुलांसाठी पानच भिंतीवर आले. दोन्ही ठिकाणी शिक्षकांनी मुलांपाशी काय आहे ते पाहून साधन निवडले होते.

## मर्यादा व टीका

### उपकरणांची विषमता

'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालांनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत दाखल मुलांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण इ.स. २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. इ.स. २०२१ मध्ये ते ६७.६ टक्के झाले. मात्र घरात स्मार्टफोन असूनही तो अभ्यासासाठी अजिबात न मिळणाऱ्या मुलांचे प्रमाण त्या वर्षी सुमारे २६ टक्के होते. घरातील एकमेव फोन वडिलांबरोबर कामावर जातो, भावंडांत तो मोठ्याला मिळतो, 'डेटा' संपला की अभ्यास थांबतो, ही त्यामागील काही कारणे होत. ऊसतोडणीसाठी हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत फोन चार्ज करण्याची सोयही अनेकदा नसते.

त्यामुळे पुस्तक सर्वांना समान मिळाले, तरी कोडमागील आशय समान मिळत नाही. पाठातील आवश्यक भाग छापील मजकुरातच असावा आणि कोडमागे केवळ पूरक साहित्य असावे, हे तत्त्व या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पाठाचा अत्यावश्यक भाग कोडमागे गेला, तर उपकरण नसलेल्या मुलाचे पुस्तक अपुरे राहते.

### साहित्याचा दर्जा

प्रत्येक इयत्ता, विषय, पाठ आणि माध्यम यांसाठी स्वतंत्र साहित्य लागत असल्याने त्याची संख्या प्रचंड होते. परिणामी त्याच्या दर्जात एकसारखेपणा राखणे कठीण जाते. पाठातील मजकूर केवळ वाचून दाखवणारी चित्रफीत आणि संकल्पना उलगडून सांगणारी चित्रफीत यांत मोठा फरक असतो. अभ्यासक्रम बदलल्यावर जुने साहित्य काढणे, पत्ते चालू ठेवणे, चुका दुरुस्त करणे हे काम सातत्याने करावे लागते.

### परिणामकारकता

युनेस्कोच्या इ.स. २०२३ मधील जागतिक शिक्षण संनियंत्रण अहवालाचा विषय शिक्षणातील तंत्रज्ञान हा होता. शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या परिणामांविषयी भक्कम व निःपक्ष पुरावा कमी आहे, असे त्यात नमूद केले आहे. शैक्षणिक तंत्र-उत्पादने सरासरी दर ३६ महिन्यांनी बदलतात, त्यामुळे त्यांचे मूल्यमापन मागे पडते. पेरू देशात १० लाखांहून अधिक लॅपटॉप वाटण्यात आले, पण अध्यापनपद्धतीत त्यांचा समावेश न झाल्याने मुलांच्या शिक्षणात सुधारणा दिसली नाही, हे उदाहरणही अहवालात आहे. उपकरण देणे आणि शिकवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्याचा निष्कर्ष क्यूआर कोडयुक्त पुस्तकांनाही लागू पडतो.

### पडद्याचा अतिवापर

अभ्यासासाठी हाती दिलेला फोन खेळ आणि करमणुकीकडे वळतो, ही पालकांची सार्वत्रिक तक्रार आहे. महामारीनंतर ती वाढली. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून यावर सामूहिक उपाय योजला. तेथे रोज सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास फोन व दूरचित्रवाणी बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात. क्यूआर कोड वर्गात, शिक्षकाच्या देखरेखीखाली व ठरावीक वेळेपुरता वापरला गेल्यास हा धोका कमी राहतो. मात्र गृहपाठासाठी तो सक्तीचा केल्यास पडद्यासमोरील वेळ वाढतो.

## पुरस्कार व मान्यता

वार्की फाउंडेशनतर्फे युनेस्कोच्या सहकार्याने दिला जाणारा इ.स. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार डिसले यांना मिळाला. १४० हून अधिक देशांतून आलेल्या १२,००० हून अधिक नामांकनांतून त्यांची निवड झाली. ब्रिटिश अभिनेते स्टीफन फ्राय यांनी ३ डिसेंबर २०२० रोजी लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधून, दूरस्थ समारंभात, ही घोषणा केली. पुरस्काराची रक्कम १० लाख अमेरिकी डॉलर होती. तिच्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर ९ शिक्षकांना वाटून देण्याचे डिसले यांनी जाहीर केले. त्यामुळे इटली, ब्रिटन, ब्राझील, व्हिएतनाम, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण कोरिया, अमेरिका व मलेशिया येथील या शिक्षकांना प्रत्येकी सुमारे ५५,००० डॉलर मिळाले.

या पुरस्कारामुळे महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळा आणि तेथील शिक्षकांच्या प्रयोगांकडे देशविदेशातील लक्ष वेधले गेले.

## हेही पाहा

* बालभारती
* सोलापूर जिल्हा
* माढा तालुका
* रणजितसिंह डिसले
* बालचित्रवाणी
* राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०